आडव्या विटा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते त्या रागामुळेच झालं, आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही.

मी विटा रंगवते. खऱ्या विटांना रंग देत नाही, तर नुसत्या भिंतीवर स्टेन्सिल लावून रंगानेच विटा उभ्या करते. सलूनवाले, कॅफेवाले, पुस्तकांची दुकानं, ज्यांना विटांची भिंत तर हवी असते पण गवंड्याचा पसारा नको असतो, ते मला बोलावतात. काम झालं की गिऱ्हाईक हमखास पुढे येऊन बोटाने ठोकून बघतं. त्याने ठोकलं की मी समजते, आपण पास.

लोकांना वाटतं, त्यात काय, प्लास्टिकचा कापलेला कागद चिकटवायचा आणि रोलर फिरवायचा. करून बघा म्हणावं. रोलरवर रंग थोडा जरी जास्त झाला तरी तो स्टेन्सिलच्या खाली शिरतो आणि विटेला मिशा फुटतात. सगळ्या विटा एकाच लाल रंगात काढल्या तर भिंत वहीतल्या चौकटींसारखी दिसते. एखादी वीट जरा करपलेली, एखादी फिकट, एखादीचा टवका उडालेला, हे प्रत्येक वेळी आपल्या नजरेने ठरवावं लागतं. आणि विटांच्या मधला तो जो सिमेंटसारखा करडा भाग दिसतो ना, तो सगळ्यात आधी लावायचा असतो, अख्ख्या भिंतीला. गवंडी आधी वीट ठेवतो. मी आधी सांधे करते, मग विटा.

माझं सगळ्यात देखणं काम मात्र भिंतीवर नव्हतं. ते आमच्या घरातल्या पॅसेजच्या जमिनीवर होतं. पॅसेज लांब आणि अरुंद. एका टोकाला बाबांची खोली, दुसऱ्या टोकाला हॉल. मी तिथे विटा उभ्या घातल्या होत्या, म्हणजे चालणाऱ्याच्या दिशेने. त्यामुळे नजर थेट दुसऱ्या टोकाला जायची आणि घर होतं त्याच्या दीडपट वाटायचं. नवीन गिऱ्हाईक आलं की मी काही बोलायचे नाही, फक्त पॅसेजचा दिवा लावायचे.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर टेलरिंग केलं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझं काम त्यांना मनापासून आवडायचं, पण कौतुक करतील ते मास्तर कसले. पॅसेज झाला तेव्हा चष्मा वर करून सगळं बघितलं आणि म्हणाले, "टाके सरळ आहेत." मी ते प्रमाणपत्र समजून घेतलं.

पुढे त्यांना कंपवात झाला. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं, त्याचं काही वाटेनासं होतं. पण खरा त्रास पायांचा. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दुखत नाहीत, जडही नसतात, नुसते उचलत नाहीत. आमच्याकडे हे नेहमी त्यांच्या खोलीच्या दारात व्हायचं. दारापर्यंत नीट यायचे आणि उंबऱ्यावर खिळायचे. डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे तू कोण. मग मी किंवा माझा नवरा जाऊन हात धरून ओढणार. संडास हॉलच्या बाजूला, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी हे व्हायचं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे सुईसुद्धा उसनी मागितली नाही, त्याने संडासला जायला हाक मारायची. एकदा त्यांनी हाक मारली नाही. जोर करून स्वतःच निघाले आणि पॅसेजमध्ये पडले. मनगट सुजलं, नशीब म्हणून हाड वाचलं.

आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी थोरल्या भावाला फोन करून सगळं सांगून मोकळे झाले. मोठे भाऊजी दुसऱ्या गावी असतात, मोठ्या गोदामाचे मॅनेजर आहेत. सगळं जागच्या जागी लागलेलं असलं की त्यांना बरं वाटतं. त्यांचं आणि बाबांचं कधी पटलं नाही. बाबांनी दुकान सांभाळ म्हटलं तेव्हा त्यांनी नोकरी धरली, बाबांनी या शहरात राहा म्हटलं तेव्हा बदली मागून घेतली. तरी बाप पडला म्हटल्यावर त्यांचा जीव वरखाली झाला, हे मी नाकारणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांनी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारं एक केंद्र बघितलं होतं. चोवीस तास नर्स, चाकांची खुर्ची, सगळी सोय. खोलीही धरून ठेवली होती. रविवारी येतो आणि घेऊन जातो, म्हणाले.

आमचे हे म्हणाले, बघू. ह्यांचं सगळं आयुष्य ‘बघू’वर चाललंय.

मी बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. आपल्या शिलाई मशीनच्या पट्ट्यावरून हात फिरवत बसले होते.

"जागा चांगली असेल," ते म्हणाले. "तो काही वाईट जागी ठेवणार नाही. पण तिथे खुर्चीत बसवतात गं. एकदा बसलो की मी काही परत उठणार नाही. मला माझ्या पायांनी संडासला जायचंय, सूनबाई. बाकी काही मागणं नाही माझं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींवर नव्हे, कुणावर ते मलाही कळलं नाही. बाहेर आले, ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि परत लावला.

"भाऊजी, रविवारी या," मी म्हटलं. "तुमच्यासाठी दार बाबा उघडतील. स्वतः चालत येऊन. कुणी हात धरणार नाही. तसं झालं तर ते इथेच राहतील. नाही झालं तर न्या, मी बॅग भरून देईन."

मग ते म्हणाले, ठीक आहे. मला वाटतं, मी तोंडावर आपटणार याची त्यांना खात्री होती. ह्यांनाही होती. फोन ठेवल्यावर डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, तू हे काय बोलून बसलीस. मी म्हटलं, बोलले ते बोलले, आता करायचं.

काय करायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. एक दोन, एक दोन करून बघितलं. टाळ्या वाजवून बघितल्या. ह्यांनी मोबाइलवर बँडचं संगीत लावलं, त्यावर बाबांची मान डोलायला लागली, पाय तिथेच. शेवटी बाबाच म्हणाले, पुरे करा, शेजारचे विचारतील काय चाललंय. आम्ही हात टेकले.

त्यात माझं काम थांबत नव्हतं. एका सलूनसाठी मोठ्या विटांचं नवीन स्टेन्सिल कापायचं होतं, आणि एवढा लांब कागद पसरायला घरात एकच जागा, पॅसेज. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत कागद अंथरला. माझी पेन्सिल सापडेना, म्हणून बाबांच्या डब्यातला तो चपटा टेलरचा खडू घेतला आणि आडव्या रेघा मारत सुटले. तेवढ्यात बाबा खोलीच्या दारात आले. नेहमीसारखे खिळले. मी उठणार, हात धरणार, तोच त्यांची नजर खाली गेली.

"अगं बाजूला हो," ते कडक आवाजात म्हणाले, "खडूवर पाय पडेल."

आणि त्यांनी पाय उचलला. पहिल्या रेघेवरून अलगद पलीकडे ठेवला. मग दुसरा. मग पुढची रेघ, मग त्याच्या पुढची. दरवेळी खाली बघत, रेघ सांभाळत. मी कागदावर बसलेली, हातात खडू, तोंड उघडं. ते माझ्या बाजूने पुढे गेले, कागद संपला तिथे हॉलच्या तोंडाशी थांबले, आणि मागे वळून बघितल्यावर त्यांना कळलं की आपण चालत आलो.

नंतर त्यांनी सांगितलं. दुकानात पडद्याची, खोळींची मोठी कापडं टेबलावर मावायची नाहीत, ती जमिनीवर पसरायची. त्यावर खडूच्या खुणा. जो कुणी त्या खुणांवर पाय देईल त्याची मास्तर खरडपट्टी काढायचे, आणि स्वतः उभी हयात त्या ओलांडत फिरले. डोक्याने सांगितलेलं पाय ऐकत नव्हते. खडूचं ऐकत होते.

मी कागद गुंडाळला. तोच पॅसेज, त्याच माझ्या देखण्या उभ्या विटा. बाबा खिळले. खडूने विटांवर आडव्या रेघा मारल्या. बाबा चालले. पुसल्या, खिळले. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. मग मी डॉक्टरांना फोन केला, उगाच आपल्या मनाने काही नको. ते म्हणाले, होतं असं, आडव्या रेघांचा काही पेशंटना चांगला उपयोग होतो. मात्र हाताला धरायला दांडी लावा, आणि जमीन गुळगुळीत ठेवू नका.

खडू पायाने पुसतो. रोज कोण मारत बसणार. म्हणजे विटा आडव्या करायच्या.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. अरुंद पॅसेजमध्ये विटा आडव्या घातल्या की जागा आखूड दिसते, शिडी आडवी टाकल्यासारखी. ही चूक नवशिकेसुद्धा करत नाहीत. माझ्या सगळ्यात सुंदर कामावर मला माझ्याच हाताने ती करायची होती. मी पॅसेजचा दिवा लावला, एकदा डोळे भरून बघितलं, डोळे खरंच भरले, आणि मग पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले.

करड्या रंगाचा हात मारायला डबा उघडला तर मास्तर सोफ्यावरून म्हणाले, करडा नको, मला दिसला पाहिजे. पॅसेज सुकेपर्यंत त्यांचा मुक्काम हॉलमध्ये होता आणि तिथून त्यांचं माझ्या कामावर बारीक लक्ष होतं. हॉलच्या फरशीवर मी संडासापर्यंत आणि बाहेरच्या दारापर्यंत खडूच्या रेघा मारून दिल्या होत्या, त्यावरून ते संडासला जाऊन येत आणि येताना एखादी सूचना करत. मी म्हटलं, बाबा, पिवळट पांढरे सांधे कुठल्याच भिंतीत नसतात. ते म्हणाले, मी भिंतीवर चालणार आहे का? सांधे पिवळट पांढरे झाले.

मग विटांच्या मापावरून जुंपली. माझं नेहमीचं स्टेन्सिल मी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्यावर पाऊल ठेवून बघितलं आणि नाक मुरडलं.

"तयार कपडे आणलेस होय," ते म्हणाले. "माप घे."

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची मापं घेतली त्यांचं माप मी घेतलं. त्यांचीच टेप, त्यांच्याच सूचना. टेप ओढू नकोस, ढिली धर. बेताच्या पावलाचं घे, उत्साहाच्या नको, आजारी माणसाला वाढीव माप होत नाही. जे माप निघालं त्या रुंदीची वीट जगात कुठल्याही भट्टीत भाजली गेली नसेल. मी नवीन स्टेन्सिल कापलं. आडवे सांधे रुंद आणि ठळक, तर दोन विटांमधले उभे सांधे इतके पुसट की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नयेत. जास्तीच्या रेघांनी त्यांचे पाय गोंधळतात हे आम्हाला खडूवरून समजलं होतं.

बाकी मी कसूर केली नाही. रोलर प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावर कोरडा करून घेतला. तांबडा, वीटकरी आणि थोडा चॉकलेटी, स्पंजने टिपत टिपत. स्टेन्सिल सरळ वर उचलायचं, सरकवायचं नाही. बेढब तर बेढब, पण एकाही विटेला मिशी फुटू दिली नाही. वरून बिनचकाकीचं लॅकर, त्यात चिमूट चिमूट बारीक वाळू, म्हणजे पाय सटकणार नाही. ह्यांनी भिंतीला दांडी बसवली. ती जरा तिरकी बसली, पण मजबूत बसली, आणि ह्यांचं असंच असतं, म्हणून मी काही बोलले नाही.

शनिवारी बाबा पॅसेजमधून चालत आपल्या खोलीत गेले. खोलीतून हॉलपर्यंत आले. परत गेले. तिसऱ्यांदा कुणी न सांगता आले आणि म्हणाले, पाणी प्यायला आलो होतो. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी होता.

रविवारी मी सकाळपासून बाबांच्या खोलीत होते. त्यांना इस्त्रीचा शर्ट हवा होता आणि त्याची बटणं स्वतः लावायची होती, त्याला वेळ लागत होता. बेल वाजली. बाबांनी माझ्याकडे बघून हात वर केला, म्हणजे तू मागे राहा. दारात आले. क्षणभर थांबले, मग नजर खाली गेली आणि पाय उचलला. पहिली ओळ, दुसरी ओळ. दांडीला हातही लावला नाही. कुरकुर न करता, कुणाकडे न बघता, मास्तर अख्खा पॅसेज चालत गेले. मी मागून चालत होते आणि मनातल्या मनात भाऊजींना म्हणत होते, बघा.

पॅसेज संपला आणि ते थांबले.

मी त्यांच्या खांद्यावरून हॉलमध्ये बघितलं. फरशी लखलखत होती. खडूची एक रेघ नव्हती. ह्यांनी, मोठा भाऊ येणार म्हणून, सकाळी उठून सगळा हॉल स्वच्छ पुसून काढला होता. आयुष्यात कधी न सांगता फडकं हातात न घेणारा माणूस. कोपऱ्यात फडकं धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना आत्ता, या क्षणी, समजलं.

बेल पुन्हा वाजली. बाबांच्या गुडघ्यांना कंप सुटला. टाचा वर होत होत्या, पण पाऊल सुटत नव्हतं. तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा ह्यांनी जाऊन दार उघडलं. दुसरा इलाजच नव्हता.

भाऊजींनी चपला काढल्या, आत आले आणि बाबांना तसं बघून जागीच थांबले. पैज मी हरले होते, सगळ्यांच्या देखत. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ते बाबांच्या मागे पसरलेला पॅसेज बघत राहिले, मग म्हणाले, "इथपर्यंत कसे आले?"

"चालत," मी म्हटलं. "एकटे. त्यांना ओलांडायला काहीतरी आडवं लागतं, भाऊजी. पुढे रेघ नाहीये म्हणून थांबलेत. मी खडू आणते, थांबा, नेऊ नका त्यांना."

मी खोलीकडे वळले खरी, पण गेले नाही. कारण भाऊजी पुढे आले होते. वाटलं, आता हात धरून ओढणार. त्यांनी हात धरला नाही. शेवटच्या विटेकडे बघितलं, बाबांच्या पावलांकडे बघितलं, आणि स्वतःचं उघडं पाऊल त्यांच्या बोटांसमोर आडवं ठेवलं.

बाबा त्या पावलाकडे बघत राहिले.

"लागेल रे तुला," ते म्हणाले.

"नाही लागत. या."

बाबांनी पाय उचलला. चांगला उंच, मुलाच्या पायाला धक्का लागू नये म्हणून. पलीकडे ठेवला. मागोमाग दुसरा. भाऊजींनी पाऊल काढून घेतलं आणि आणखी पुढे दुसरं आडवं ठेवलं. असे ते मागे मागे सरकत गेले, कमरेत वाकून, दोन्ही हात बाबांच्या दोन बाजूंना उघडे, पण कुठे न टेकवता. गोदामाचा मॅनेजर, पोट सुटलेला, धापा टाकणारा. आणि बाबा त्याला ओलांडत, त्याला सांभाळत, सोफ्यापर्यंत आले.

बाबा बसले. भाऊजी तसेच वाकलेले, गुडघ्यांवर हात ठेवून. जरा दम खाऊन त्यांनी मला विचारलं की हॉलच्या विटा कधी घालणार. मी म्हटलं, उद्याच सुरू करते. ते म्हणाले, मग त्या सुकेपर्यंत मी राहतो इथे. केंद्रवाल्यांना ती खोली नको म्हणून सांगतो.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"लहानपणापासून तू मला आडवा येतोस," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा नीट आलास."

भाऊजी हसायला गेले आणि त्यांना हसता येईना. ते खाली फरशीवरच बसले, बाबांच्या पावलावर हात ठेवून, आणि आमच्या सगळ्यांसमोर रडले.